सहा नंबरची पट्टी

ढेकळेमास्तर आधी सही करायचे आणि मग त्या सहीच्या वर काय लिहायचं ते ठरायचं. सकाळी सातला सही, संध्याकाळी सहाला मजकूर. ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस एकतर भोळा असेल नाहीतर वेडा. दोन्ही नव्हे. त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे चिखल.

खेळपट्टी करणाऱ्या माणसाचे हात सकाळी जे मातीत जातात ते दिवे लागेपर्यंत बाहेर येत नाहीत. मास्तर मैदानाचे नवे नवे प्रमुख झाले तेव्हा संध्याकाळी तसल्याच हातांनी रोजचा तक्ता भरून ऑफिसात पाठवायचे. कुठल्या पट्टीत ओल किती, गवत किती, चेंडू किती उसळतो, सगळं त्या एका कागदावर. एकदा तक्ता परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'हा कागद आहे की पोतेरं?' मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी पद्धत पाडली. सकाळी आल्याआल्या, हात स्वच्छ असताना, कोऱ्या तक्त्याच्या तळाशी सही ठोकून मोकळं व्हायचं. संध्याकाळी मास्तर आकडे ओरडणार आणि लेक ते लिहिणार.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. आई शिवणकामाच्या दुकानात सहापर्यंत अडकलेली, म्हणून शाळा सुटली की पोरगी थेट मैदानावर यायची. थंड पडलेल्या रोलरला टेकून बसायची आणि बाबा सांगतील ते लिहायची. तिची एक खोड होती. ओळभर अक्षरं आधी बिनडोक्याची लिहायची आणि मग पट्टी लावून सगळ्या ओळीवर एकच सरळ रेघ ओढायची. मास्तर कौतुकानं म्हणायचे, "बयोची ओळ बघा, रोलर फिरवल्यासारखी!" आता बयो अठ्ठावीस वर्षांची झाली होती, मैदानाच्याच ऑफिसात कारकून होती, पण संध्याकाळी सहा वाजता ती तक्ता घेऊन मैदानात उतरायचीच. मास्तर शिडीवर चढून चेंडू खाली सोडायचे. ती खाली उकिडवी बसून, खुणा केलेली काठी धरून, चेंडू किती इंच उसळला ते बघायची. पेचकस मातीत खुपसून ओल बघायची तीही तीच. एकोणीस वर्षं हे चाललं होतं.

आणि हो, ढेकळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. अठराव्या वर्षी मातीतली ढेकळं फोडायला लागले म्हणून लोकांनी 'ढेकळ्या' केला. पुढे हुद्दा मिळाला तसा लोकांनी त्या ढेकळ्याला धुऊनपुसून ढेकळेमास्तर केलं. सामने भरवणाऱ्या केंद्रीय समितीचं पत्रसुद्धा 'श्री. ढेकळे' असं यायचं. मास्तरांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, "बापानं दिलेलं नाव फुकटचं. हे कमावलेलं आहे."

तर या मैदानावर यंदा अंतिम सामना होता. मोठा. जगभर दिसणारा. आणि त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर निवृत्त होणार होते. म्हणजे आयुष्यातली शेवटची पट्टी.

मैदानाच्या मधोमध एकाला एक लागून नऊ पट्ट्या असतात. सामना त्यातल्या एकीवर होतो. अंतिम सामन्यासाठी ठरली होती सहा नंबर. मास्तरांनी ती दहा महिने तळहाताच्या फोडासारखी जपली होती. आधी कोपरभर खोल खणून काढली. काळी माती चाळणीनं चाळली, खडा दिसला की फेकला. मग बोटभर थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, पुन्हा बोटभर थर. घाई केलीत की मेलात. वरचा थर खालच्याशी धरत नाही आणि चेंडू टप्प्यावर मेल्यासारखा बसतो. बायको चिडवायची, "अहो, पाऊस आला तर घराची खिडकी उघडी राहील एक वेळ, पण तुमच्या सहा नंबरवर थेंब पडायचा नाही. सवत बरी!"

या सहा नंबरचं एक गुपितही होतं. तिच्या पश्चिम टोकाखाली कधीकाळचा एक जुना पाइप होता. तरुणपणी मास्तरांनी तो काढायचा कंटाळा केला, वरून माती दाबली आणि झाकपाक केली. मग वर्षानुवर्षं त्या जागी एखादा चेंडू उगाच खाली राहायचा. फलंदाज स्वतःला शिव्या घालत परतायचे आणि मास्तर मनातल्या मनात ओशाळायचे. ही चूक त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, आणि तो माणूस म्हणजे बयो. यंदा त्यांनी स्वतः खड्ड्यात उतरून तो पाइप उपटून काढला, जागा थराथरानं भरली. बयो काठावर उभी होती. "सुटलो बाई," मास्तर म्हणाले होते, "आता डोळे मिटायला हरकत नाही."

सामन्याला पंधरा दिवस असताना मैदानाच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. साहेब चहा मागवतात तेव्हा माणसानं खिसा चाचपावा.

"मास्तर, आपल्याकडे तीन फिरकीवाले. समोरच्यांकडे ते दोन वेगवान राक्षस. तुमची सहा नंबर कडक, तरतरीत. म्हणजे आपण होऊन त्यांच्या हातात काठी द्यायची आणि आपलीच पाठ पुढे करायची."

"मग?"

"चार नंबर. तिच्यावर दोन सामने होऊन गेलेत. थकलीय. चेंडू हातभर वळेल. आपलं मैदान आहे, आपल्याला आपलं म्हणून काही नको?"

"साहेब, पट्टीला सासर नसतं आणि माहेरही नसतं. जो नीट खेळेल त्याची ती."

साहेब हसले. "बरोबर आहे तुमचं. नियमही तसाच आहे. ठरलेली पट्टी बदलायची तर ती खराब आहे असं मैदानप्रमुखानं लिहून सही करून द्यावं लागतं. तुमच्या सहीशिवाय पान हलायचं नाही."

मास्तर खूश होऊन बाहेर आले. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. बयो शेजारीच जेवत होती. ती पाणी प्यायली आणि अर्ध्या जेवणातून उठली. त्यात मास्तरांना वावगं काही दिसलं नाही. दिसायला हवं होतं, पण आपल्या माणसाकडे कोण तसल्या नजरेनं बघतो!

सामन्याला चार दिवस राहिले. सकाळी सातला मास्तर मैदानात शिरले तर सहा नंबरवर ताडपत्री ओढलेली, आणि चार नंबरभोवती दोरी. शेजारी रोलर घरघरत उभा. रोलरवाल्याला सगळे हवालदार म्हणायचे, त्याच्या मिशांमुळे. तो खाली उतरला.

"कुणी सांगितलं तुला हे?" मास्तर ओरडले.

हवालदार गोंधळला. "मास्तर, तुमचाच तर हुकूम. ऑफिसातून कागद दाखवला मला. तुमची सही बघितली म्हणून तर हात लावला."

मास्तर तसेच ऑफिसात गेले, चिखलाच्या बुटांसकट. सेक्रेटरीसाहेबांनी कागद पुढे सरकवला. कालचा तक्ता होता. तळाशी सही. आपलीच, शेपटाला गाठ असलेली. आणि वर लिहिलेलं होतं: 'सहा नंबरच्या पश्चिम टोकाखाली जुना पाइप असून तिथली माती पोकळ आहे. चेंडू समान उसळत नाही. ही पट्टी सामन्यास अयोग्य. चार नंबर वापरावी.'

मास्तरांना पहिल्या क्षणी वाटलं, कुणीतरी सही चोरली. शिवी ओठांवर आली होती. मग त्यांची नजर ओळींवर गेली. प्रत्येक ओळीच्या डोक्यावरून एकच रेघ गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी लावून ओढलेली.

शिवी तिथेच विरली. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, अगदी हळू.

"समितीला काल संध्याकाळीच कळवलंय," साहेब म्हणाले. "दुपारी त्यांचे निरीक्षक येताहेत. फक्त विचारतील, सही तुमची ना म्हणून."

बयो अवजारांच्या खोलीत सापडली. फावडी, ब्रश, चुन्याच्या बादल्या, आणि मधे ती उभी. ती त्यांची वाटच बघत होती.

"तू लिहिलंस?"

"हो."

"साहेबांनी धमकावलं?"

"नाही. विचारलं. मी हो म्हटलं."

निदान रडून तरी सांगायचं! मास्तरांना तेच जास्त लागलं. "अगं, पाइप मी काढला तेव्हा तू काठावर उभी होतीस! मी तुला सांगितलं ते गुपित, आणि तू त्याचाच दगड करून माझ्या डोक्यात घातलास? परक्यानं मारलं असतं तर उलटून मारलं असतं. तू माझा केसानं गळा कापलास, बयो."

"बाबा, तुमच्यानंतर मैदानप्रमुख कोण, असं साहेबांनी उन्हाळ्यात तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही कुणाचं नाव सांगितलंत?"

मास्तर भिंतीला टेकलेल्या फावड्यांकडे बघू लागले.

"हवालदाराचं," ती म्हणाली. "ज्याला ओल म्हणजे काय ते अजून कळत नाही. पेचकस कोण खुपसतं? काठी कोण धरतं? एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांनी मोजताय."

"तुझं ऑफिसात चांगलं चाललं होतं. सावलीत बसून—"

"ही जागा मी तुमच्याकडे मागितली होती. दोनदा. एकदा आईसमोर. तुम्ही हसलात. म्हणालात, रोलर काय शिवणयंत्र आहे का."

हे खरं होतं. मास्तरांना ते हसू आठवलं, आणि बायको त्या वेळी हसली नव्हती हेही आठवलं. पण माणूस दुखावला की स्वतःची चूक त्याला मुंगीएवढी दिसते. "म्हणून माझी शेवटची पट्टी विकलीस?"

"साहेब म्हणाले, हे कर, जागा तुझी. मी केलं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "वाईट केलं. माहीत आहे मला. पण तुम्ही दिली असतीत तर मला कुणाकडून घ्यावी लागली नसती."

मास्तर बाहेर पडले. दारातल्या बादलीला पाय लागला, चुन्याचं पाणी सांडलं. नेहमी त्यांनी फडकं आणलं असतं.

दुपारी निरीक्षक आले. परगावचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. सहा नंबरवरची ताडपत्री त्यांनी थोडी उचलून बघितली, खाली वाकून हात फिरवला आणि जरा नवलानं मास्तरांकडे पाहिलं. जाणत्याला कळतंच. मग खिशातून तो तक्ता काढला. भोवती सेक्रेटरीसाहेब, हवालदार, आणि दोन पावलं मागे बयो.

"मास्तर, मला तर ही पट्टी झकास वाटते. पण वरून खालचं दिसत नाही, आणि कागद तुमचा आहे. ही सही तुमची?"

आता बघा, काय करावं माणसानं? मजकूर माझा नाही, एवढे तीन शब्द बोलले की सहा नंबर परत मिळत होती. साहेबांचं तोंड काळं झालं असतं. पण त्यांच्याआधी ज्या हातानं ती ओळ लिहिली तो हात धरला गेला असता. खोटा अहवाल म्हणजे नोकरी तर जाणारच, शिवाय पुन्हा कुठल्या मैदानाच्या फाटकात कुणी तिला उभं केलं नसतं. आणि गप्प बसावं तर चाळीस वर्षं मातीत घातलेला माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणणार की माझी शेवटची पट्टी पोकळ निघाली. आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तरांनी एकदा मागे पाहिलं. बयो खाली, त्यांच्या बुटांकडे बघत होती.

"सही माझी आहे," मास्तर म्हणाले.

"आणि मजकूर?"

"सही माझी म्हटल्यावर मजकूर कुणाचा असणार, साहेब?"

निरीक्षकांनी मान हलवली, डायरीत दोन शब्द लिहिले आणि ते गेले.

पुढचे तीन दिवस मास्तरांनी चार नंबरवर काम केलं. त्यांना कुणी घरी बसा म्हटलं असतं तरी बसले नसते. आजारी म्हणून पट्टीला टाकायचं नसतं. जुन्या खुणा बुजवल्या, मेलेलं गवत ब्रशनं उचलून कापलं, आखणी स्वतः केली. सकाळी कोऱ्या कागदावर सही मात्र केली नाही. संध्याकाळी साहेबांच्या शिपायानं तक्ता नेला, तो कुणी भरला ते त्यांनी विचारलं नाही. घरी बाप आणि लेक एकाच ताटलीतून मीठ घेत होते आणि बोलत नव्हते. बायकोला कळायचं ते कळलं होतं. ती एकदाच म्हणाली, "तिनं केलं ते वाईटच. पण तुम्ही तेव्हा हसायला नको होतं हो." मास्तर पानावरून उठले.

सामना झाला. चेंडू हातभर वळला. समोरच्यांचे वेगवान राक्षस नुसते धापा टाकत राहिले आणि घरचा संघ जिंकला. सगळं मैदान नाचलं. कप्तान धावत येऊन मास्तरांना मिठी मारून म्हणाला, "काय पट्टी केलीत, मास्तर! जिंकवलंत!" मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोराचा काय दोष? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी होत्या: अंतिम सामन्यासाठी केलेली मूळ खेळपट्टी सदोष निघाल्यानं ऐन वेळी बदलावी लागली, वयोवृद्ध मैदानप्रमुख आता निवृत्त होत आहेत. जिंकल्याच्या आनंदात त्या ओळी कुणी वाचल्याही नसतील. मास्तरांनी वाचल्या, घडी घालून खिशात ठेवल्या.

संध्याकाळी शेवटचा दिवस म्हणून ऑफिसात चहा झाला. साहेब भाषणात म्हणाले की मास्तरांनी मोठ्या मनानं स्वतःची चूक कबूल केली, असा प्रामाणिकपणा आजकाल दुर्मीळ. टाळ्या पडल्या. मास्तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात उभे होते. मग साहेबांनी बयोचं नाव जाहीर केलं. उद्यापासून नवीन मैदानप्रमुख. पुन्हा टाळ्या. हवालदारानं सगळ्यात जोरात वाजवल्या, बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

सहा वाजता मास्तर मैदानात उतरले. सहा नंबरवरची ताडपत्री एकट्यानं ओढून बाजूला केली. दहा महिन्यांची पट्टी, एकही चेंडू न खेळलेली. त्यांनी शिडी आणली. काठी आणली. वळून बघितलं तर बयो तक्ता घेऊन उभी. कुणी बोलावलं नव्हतं, पण सहा वाजले होते.

ती नेहमीसारखी काठी घ्यायला पुढे आली.

"नाही," मास्तर म्हणाले. "तू वर चढ. खाली मी बसतो."

ती चढली. मास्तरांनी काठी धरली, गुडघे कुरकुरले तरी उकिडवे बसले. पूर्व टोकाला चेंडू पडला. सतरा इंच. मधे सतरा. मग शिडी पश्चिम टोकाला नेली, त्या पाइपाच्या जुन्या जागेच्या बरोबर वर. चेंडू सुटला, टप्पा पडला, खणखणीत आवाज आला. मास्तरांनी डोळे काठीला लावले होते.

"सतरा," ते म्हणाले. "लिही. पुन्हा टाक."

पुन्हा सतरा. तिसऱ्यांदाही सतरा. बयो खाली उतरून लिहायला लागली. अक्षरं झाली, तिनं पट्टी लावली आणि वर रेघ ओढली. रेघ मधेच थरथरली, पट्टी लावलेली असूनही. तिनं पुसायचा प्रयत्न केला नाही. कागद पुढे केला.

"बाबा, सही."

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या नळाकडे गेले. हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, माती संपून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत. रुमालाला कोरडे केले. मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द. एकोणीस वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

बयोचे डोळे भरून आले. "बाबा, मीच लिहिलंय ना ते."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले, आणि बोट दुसऱ्या ओळीवर नेलं.